पासवर्ड कुणाच्या वहीत?

आमच्या सीमाभागात पासवर्ड ज्याचा असतो त्याच्याकडे तो क्वचितच असतो. तो असतो कोपऱ्यावरच्या ऑनलाइन सेंटरवाल्याच्या वहीत, कॉलेजला जाणाऱ्या पुतण्याच्या मोबाईलात, सोसायटीत कामाला असलेल्या मेहुण्याच्या डोक्यात, नाहीतर माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या बाईच्या कॉम्प्युटरवर. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा. लोक बेफिकीर आहेत म्हणून असं झालेलं नाही. फॉर्म कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत. मराठी शाळेत सातवी-दहावीपर्यंत शिकलेला माणूस बाजारात कन्नड सहज बोलतो, पण पडद्यावरचं कन्नड वाचून रकाने भरायची वेळ आली की अडतो. मग तो कुणाला तरी सोबत घेऊन जातो. तो सोबती खातं उघडून देतो, आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहून जातो.

त्यात आमची घरं दोन राज्यांत पसरलेली. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातलं, सासर बेळगावच्या शहापुरातलं. सीमेवरची शिनोळी ओलांडली की राज्य बदलतं आणि त्यासोबत पोर्टलं बदलतात. माहेरच्या वाटणीच्या जमिनीचा सातबारा महाभूलेखवर, सासरच्या रानाचा उतारा कर्नाटकच्या ‘भूमी’ पोर्टलवर. भाच्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीत, पुतणीची एसएसपी या कर्नाटकच्या पोर्टलवर. सरकारी दाखल्यांना इकडं ‘सेवासिंधू’, तिकडं ‘आपले सरकार’. वर सगळ्यांना सारखंच असलेलं आयकर, पीएफ, बँका, रेल्वेचं तिकीट. एका साध्या घराची खाती मोजायला बसलं तर वहीचं पान पुरत नाही. एवढे वेगवेगळे पासवर्ड डोक्यात ठेवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, आणि तशी अपेक्षा कुणाकडून करणंही बरोबर नाही.

मी घरी बसून छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून गिऱ्हाइकांचे पासवर्ड माझ्याकडे यायला लागले, बहुतेक व्हॉट्सॲपवर, सकाळच्या शुभेच्छांच्या खाली. त्यांचा साचा एकच. दुकानाचं नाव, मग ॲटची खूण, मग एकदोनतीन. काहींचं मुलाचं नाव आणि जन्मसाल. आणि फार जणांचं महाराजांचं नाव, पुढं १६३० किंवा १६७४. महाराजांवरचं प्रेम खरं आहे, ते माझ्याही घरात आहे. पण जे साल चौथीच्या पोराला पाठ असतं ते चोरालाही पाठ असतं. पासवर्ड फोडणारी यंत्रणा एकेक अक्षर चाचपत बसत नाही. आधी माणसांनी खरोखर वापरलेल्या पासवर्डांच्या याद्या चालवून बघते. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाखांवर पासवर्ड जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत बाहेर पडले. माणसं नावं, सालं, आकड्यांच्या सरळ ओळी कशी वापरतात याचा अभ्यास चोरांना तिथं आयता मिळाला. त्यानंतर अशा फुटींची गणती राहिलेली नाही.

खरा धोका एकच पासवर्ड दहा ठिकाणी लावण्यात आहे. कुठल्या तरी कपड्यांच्या दुकानाच्या साइटवरून तो फुटतो, आणि मग तोच ईमेल आणि तोच पासवर्ड हजार ठिकाणी आपोआप लावून बघितला जातो. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसानं २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पॉन्ड’ ही साइट सुरू केली. तिथं आपला ईमेल घातला की तो कोणत्या फुटींमध्ये सापडला ते दिसतं. पासवर्ड तपासायची सोयही आहे, आणि तिची रचना मला फार आवडते: पासवर्ड आपल्या यंत्रावरच एका ठरावीक गणिती रूपात बदलला जातो, त्या रूपाची पहिली पाच अक्षरं तेवढी बाहेर जातात, त्या पाच अक्षरांची सगळी फुटलेली यादी परत येते आणि जुळणी आपल्याकडेच होते. पासवर्ड विचारायचा, पण सांगायचा नाही. गिऱ्हाइकांना मी हे समोर बसवून दाखवते. नुसतं सांगून जे पटत नाही ते लाल अक्षरांतला आकडा बघून लगेच पटतं.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे काय, हे थोडक्यात. सगळे पासवर्ड एका पेटीत, पेटीला एक मुख्य पासवर्ड. त्या मुख्य पासवर्डवरून लाखो फेऱ्यांचं गणित करून किल्ली तयार होते, आणि त्या किल्लीनं पेटी आपल्या यंत्रावरच कुलूपबंद होऊन मग कंपनीकडे जाते. कंपनीजवळ असतं ते नुसतं न वाचता येणारं गाठोडं. निदान चांगल्या ॲपमध्ये तरी असंच असायला हवं. फेऱ्या जास्त का, तर आपल्याला एकदा उघडायला अर्धा सेकंद गेला तरी चालतं, पण चोराला अब्जावधी वेळा प्रयत्न करायचे असतात.

लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीचं काय झालं ते यासाठीच समजून घेण्यासारखं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोर त्यांच्या यंत्रणेत शिरले. पुढं त्यांनी कंपनीच्या एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर डाव टाकला, तिथून त्याचा मुख्य पासवर्ड उचलला आणि ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रतीच उचलून नेल्या. डिसेंबरात कंपनीनं ते जाहीर केलं. पासवर्ड कुलपात होते, पण कोणत्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडेच होते. म्हणजे कुणाची पेटी फोडायला घ्यावी हे चोराला बाहेरूनच कळत होतं. शिवाय कितीतरी जुन्या खात्यांवर किल्लीच्या फेऱ्या ५,००० वरच राहून गेल्या होत्या, नव्यांना एक लाखाच्या वर. ग्राहकाला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांबलचक होता ते त्यातल्या त्यात निर्धास्त राहिले, ज्यांचा ‘दुकान-ॲट-एकदोनतीन’ छापाचा होता त्यांची पेटी आजही कुणाच्या तरी हातात आहे आणि तिच्यावर घाव घालायला त्याला हवा तेवढा वेळ आहे. ॲप निवडताना मी म्हणूनच दोन गोष्टी आधी बघते: पेटीतलं सगळं, पत्त्यांसकट, कुलूपबंद होतं का, आणि आतली रचना बाहेरच्या जाणकारांना तपासता येते का.

या दोन्हींत बिटवॉर्डन बसलं, ते मी घेतलं. २०१६ पासूनचं आहे, सोर्स कोड, म्हणजे ॲपची आतली लिखापढी, सगळ्यांना खुला, फुकट खात्यातही पासवर्ड कितीही आणि यंत्रं कितीही. किल्लीच्या फेऱ्या आता ६ लाख असतात. वनपासवर्ड पैसे देऊन घ्यायचं ॲप. त्याची रचना आमच्या पतसंस्थेतल्या लॉकरसारखी, दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. एक आपला मुख्य पासवर्ड, दुसरी नवं यंत्र जोडताना लागणारी लांब गुप्त किल्ली, जी कंपनीकडेही नसते. उत्तम आहे, पण दरवर्षीचे पैसे माझ्या गिऱ्हाइकांना परवडणारे नाहीत, आणि वर्गणी थकल्यावर काय, हा प्रश्न ते पहिल्यांदा विचारतात. माझा भाऊ कीपास वापरतो. ते २००३ पासूनचं, पूर्ण फुकट, सगळं एका फाइलीत, इंटरनेटचा संबंध नाही. त्याला फाइली सांभाळायची शिस्त आहे. ती नसेल तर कॉम्प्युटर बिघडला की सगळं गेलं, आणि मोबाईलातली प्रत एक, कॉम्प्युटरवरची दुसरी असा घोळ वेगळाच.

तरी शेजारच्या काकींना मी यातलं काहीच दिलं नाही. त्यांच्या मोबाईलात गूगलचा जो पासवर्ड मॅनेजर आधीपासून असतो, तोच चालू करून दिला. जाणकारांना हे पटणार नाही. माझं म्हणणं असं, की काकींचा मोबाईल मराठीत लावता येतो, ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ हे त्यांना मराठीत विचारलं जातं, आणि त्यांना वेगळं ॲप उघडावं लागत नाही. जे रोज वापरलं जाईल तेच त्यांच्या कामाचं. अट एकच घातली: मोबाईलच्या पडद्याचं कुलूप बदलायचं. त्यांचा पॅटर्न घरातल्या पोराटोरांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होता, आणि गूगलची पेटी त्याच कुलपावर उघडते.

पण काकींच्या बाबतीत ॲप ही फार पुढची गोष्ट होती. त्या आमच्या शहापूरला लागूनच्या वडगावातल्या, घरात दोन माग. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या खात्याचा पासवर्ड विसरला म्हणून माझ्याकडे आल्या. म्हटलं, विसरला तर ईमेलवर लिंक मागवू. तर ईमेल कुणाचा? नाव काकींचंच, पण तो सेंटरवाल्यानं कधीतरी उघडून दिलेला. पासवर्ड त्याच्याकडे, आणि खातं परत मिळवण्यासाठी जो नंबर द्यायचा असतो तोही त्याचाच. म्हणजे या ईमेलवर जोडलेलं प्रत्येक खातं, मुलीच्या शिष्यवृत्तीचं धरून, एका परक्या मोबाईलवर टांगलेलं. ईमेल ज्याच्या हातात त्याला बाकीचे पासवर्ड ठाऊक असायची गरजच नसते. ‘पासवर्ड विसरलो’ एवढं दाबलं की पुरे.

आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. त्यानं लाल बांधणीची उभी, लांब वही काढली. पानावर चार रकाने: नाव, मोबाईल, ईमेल, पासवर्ड. शेवटच्या रकान्यात वर एकदाच पासवर्ड लिहिलेला, आणि त्याच्याखाली पानभर ‘वरीलप्रमाणे’ची खूण. प्रत्येक ओळीत ती दोन छोटी अवतरणचिन्हं. सगळ्या गल्लीचा एकच पासवर्ड.

तो मनुष्य वाईट नाही, हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्यानं वही पुढं सरकवली आणि म्हणाला, “वैनी, लोक सहा महिन्यांनी येतात आणि मलाच विचारतात, माझा पासवर्ड काय होता म्हणून. मी लिहून नाही ठेवायचं तर काय करायचं सांगा की.” त्याचं चूक नव्हतं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या नोंदणीच्या वेळी, २०२३ च्या जुलैत, अशा सेंटरांपुढच्या रांगा मी बघितल्यात. उन्हात बायका उभ्या, आणि एकेकीचं काम पाच मिनिटांत उरकायचं. त्या घाईत प्रत्येकीला वेगळा पासवर्ड कोण करून देणार? तरीही ती वही एका रात्री हरवली, किंवा तिचा फोटो कुणी काढला, तर पानभर घरं एकदम उघडी पडतात.

त्याच्याच टेबलावर काकींचा ईमेल उघडला. परतीचा नंबर बदलून काकींचा घातला. कोड त्यांच्या मोबाईलवर आला, त्यांनी तो स्वतः वाचला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाइप केला. मग नवा पासवर्ड, मग ‘बाकी सगळ्या यंत्रांवरून बाहेर पडा’. शेवटी सेंटरवाल्यानं स्वतःहून त्यांच्या ओळीवर आडवी रेघ मारली. घरी आल्यावर मॅनेजर चालू करणं हे चहा होईपर्यंतचं काम होतं. म्हणून कुणी विचारलं, कोणतं ॲप घेऊ, तर मी आधी विचारते: तुमचा ईमेल कुणी उघडला? त्याला जोडलेला नंबर कुणाचा?

मुख्य पासवर्डाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथं बहुतेकांची गाडी अडते. पूर्वी सांगितलं जायचं, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक खूण, आणि दर तीन महिन्यांनी बदला. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेसाठी २००३ साली बिल बर यांनी जे मार्गदर्शन लिहिलं त्यातून हे जगभर पसरलं. निवृत्त झालेल्या बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पस्तावा वाटतो असं सांगितलं, आणि त्याच वर्षी निस्टनंही सल्ला बदलला: लांबी महत्त्वाची, खुणांची सक्ती नको, फुटल्याचं कळल्याशिवाय उगाच बदलायला लावू नका. आमच्याकडची काही पोर्टलं अजून जुन्याच नियमांवर आहेत. परिणाम मी रोज बघते. बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा एकानं वाढवतात.

लांब पण लक्षात राहणारं करायची पद्धत १९९५ पासूनची आहे. अर्नोल्ड राइनहोल्ड यांची डाइसवेअर. पाच फासे टाकायचे, आलेल्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा, असं पाच-सहा वेळा. पाच शब्दांनी २८ वर १८ शून्यं इतक्या शक्यता होतात. यादी इंग्रजी आहे, आणि ते इंग्रजी शब्द माझ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी नाहीत. मी त्यांना घरातला शब्दकोश घ्यायला सांगते. फासे टाकून पान ठरवायचं, पुन्हा टाकून ओळ ठरवायची, आणि आलेला शब्द मुकाट्यानं घ्यायचा. आवडला नाही म्हणून दुसरा काढायचा नाही, कारण आवडीनिवडी आल्या की फाशांचा उपयोग संपला. ज्यांच्या घरात मराठी-कन्नड कोश आहे त्यांना मी दोन्ही बाजूंचे शब्द मिसळायला सांगते. कंदील, मग कन्नडमधला एखादा शब्द, मग उंबरा, अशी माळ आमच्या जिभेला सहज वळते. अभंगाची ओळ, म्हण, आरती मात्र नको. लांब असली तरी ती सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे.

हे शब्द रोमन लिपीतच लिहायचे, याला कारण आहे. देवनागरीत एकच अक्षर दोन तऱ्हेनं साठवलं जाऊ शकतं. ‘ॲ’ एका कीबोर्डवर एकसंध अक्षर असतं, दुसऱ्यावर अ आणि वरचा चंद्र अशी जोडी. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. नव्या मोबाईलवर पेटी उघडेनाशी झाली तर कारण शोधून सापडणार नाही. रोमनमध्ये दुसरा पेच: ‘वांगी’ कुणी एक ए लावून लिहील, कुणी दोन, कुणी व्हीनं, कुणी डब्ल्यूनं. तेव्हा पहिल्या दिवशी जसं लिहिलं तसंच कायम.

आणि म्हणून ते कागदावर लिहायचं. हो, कागदावर. पासवर्ड लिहून ठेवू नका, हा सल्ला ऑफिसातल्या मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीसाठी ठीक होता. रशियात नाहीतर आणखी कुठं बसलेला चोर माझ्या कपाटातली विम्याच्या पॉलिसीची फाइल उघडू शकत नाही. उलट बिटवॉर्डनचा मुख्य पासवर्ड विसरला तर कंपनीही पेटी उघडून देऊ शकत नाही, तिच्याकडे किल्लीच नाही. कागदावर तीन गोष्टी: मुख्य पासवर्ड, ईमेल, आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर विचारला जाणारा दुसरा कोड) अडली तर लागणारा परतीचा कोड. एक प्रत घरात, जमिनीच्या कागदांबरोबर. दुसरी कोल्हापूरला बहिणीकडे, बंद पाकिटात.

बहिणीकडे का, ते आमचे अण्णा, माझे थोरले दीर, गेले तेव्हा कळलं. फौंड्रीत आयुष्य काढलेला, व्यवहाराला चोख माणूस. सगळं मोबाईलात, आणि मोबाईल त्यांच्या बोटाच्या ठशावर. तीन पतसंस्थांत ठेवी होत्या असं त्यांच्या पत्नीला, आमच्या वैनींना, वाटत होतं. खरं किती, ते कळायला पावत्या, पासबुकं हुडकत महिने गेले. ज्या बाईनं त्या घराचा पैसा न् पैसा राखला तिला प्रत्येक काउंटरवर आपण कोण ते सिद्ध करावं लागलं. त्यानंतर मी घरातल्या सगळ्यांच्या गूगल खात्यावर निष्क्रिय खात्याची सोय लावून घेतली. आपण ठरवू तेवढे महिने, कमीत कमी तीन, खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला ते कळवलं जातं आणि आपण ठरवलेली माहिती त्याच्या हाती येते. २०१३ पासून ती सोय आहे. बिटवॉर्डनच्या पैशाच्या खात्यातही अशी आपत्कालीन वाट आहे: नेमलेला माणूस पेटी मागतो, ठरलेले दिवस आपण नकार दिला नाही तर ती त्याला उघडते.

मॅनेजर आणखी एका कामाला येतो, ते फार कुणाच्या लक्षात येत नाही. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज येतो, लिंक दाबली की हुबेहूब खरं वाटणारं पान. माणूस घाबरलेला असतो, तो पत्त्यातलं एक जादा अक्षर वाचत बसत नाही. मॅनेजर पत्ता तंतोतंत जुळवतो, आणि जुळला नाही तर पासवर्ड भरतच नाही. त्यानं भरला नाही की तिथंच थांबायचं, हाताने टाइप करायला जायचं नाही, एवढी एक सवय मी सगळ्यांना लावते. फोनवर कुणाला ओटीपी सांगितला तर मात्र कोणतंही ॲप वाचवू शकत नाही. पैसे गेले तर १९३० ला लगेच फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही.

राहिले माझ्याकडचे गिऱ्हाइकांचे पासवर्ड. ते आता व्हॉट्सॲपवर घेणं मी बंद केलं आहे. दुकानदार समोर बसतो, त्याच्या मोबाईलातली पेटी उघडतो, पासवर्ड मॅनेजरनेच बनवलेला असतो, मी तो माझ्या पेटीत त्याच्या नावाच्या कप्प्यात घेते. काम सोडताना तो बदलायचा, हे पहिल्या दिवशीच सांगते. काहींना सुरुवातीला वाटलं, वैनींना आपल्यावर भरवसा राहिला नाही की काय. खडेबाजारातले एक जुने साडीवाले तर दोन दिवस बोललेच नाहीत. मग त्यांच्या मुलानं पेटी लावून दिली, आणि आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

सेंटरवाल्याशी माझं बोलणं चालू आहे. नवं खातं उघडताना परतीचा नंबर गिऱ्हाइकाचाच घालायचा, आणि पासवर्ड वहीऐवजी एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याच हातात द्यायचा, एवढं त्यानं मान्य केलंय. चिठ्ठीचा नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये मी करून देणार आहे. जुन्या पानांचं काय करायचं, ते अजून ठरायचंय. पानावरच्या प्रत्येकाला बोलावून ईमेल हातात द्यावा लागेल, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू व्हायच्या आत तेवढं उरकायला हवं. काकींची मुलगी मदतीला यायला तयार आहे.